ॲलन पेज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे ॲलन पेज म्हणजे नक्की कोण? फुटबॉलपटू की न्यायमूर्ती?

दोन्ही. १९६७ ते १९८१ अशी पंधरा वर्षं ते अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये खेळले आणि आपल्या जागेवरचे सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडू म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. पुढे १९९३ ते २०१५ या काळात ते मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. मिनियापोलिस परिसरात नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबांना त्यांचं नाव बहुधा आधी शाळेच्या पाटीवर दिसतं: ‘जस्टिस पेज मिडल स्कूल’. हे जज कोण होते, असं एखाद्या जुन्या मिनेसोटावाल्याला विचारावं, तर तो न्यायालयाचं राहू देतो आणि क्वार्टरबॅकला कसं लोळवायचे तेच सांगत बसतो.

मला अमेरिकन फुटबॉल अजिबात कळत नाही. तरी पुढे वाचू का?

वाचा. लागेल तेवढं इथेच सांगतो. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकले की पुन्हा नवे चार प्रयत्न. प्रत्येक प्रयत्न सुरू होताना दोन्ही संघांच्या पुढच्या रांगा समोरासमोर, हात-दोन हातांवर, वाकून बसलेल्या असतात. मधला गडी चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देतो. तो चेंडू फेकणार, दुसऱ्याच्या हातात देणार की स्वतः पळणार, यावर सगळा डाव.

पेज यांची जागा ‘डिफेन्सिव्ह टॅकल’, म्हणजे बचावाच्या रांगेत मधोमध. समोरच्या शंभर-सव्वाशे किलोच्या माणसाला चुकवायचं, ढकलायचं किंवा वळसा घालायचा आणि चेंडू सुटायच्या आत क्वार्टरबॅकला खाली पाडायचं. ते जमलं की ‘सॅक’. कबड्डीत मध्यरेषेकडे झेपावणाऱ्या चढाईपटूची पकड करावी तसंच, फक्त इथे त्याच्याभोवती त्याच्याच संघाची भिंत उभी असते. या जागेवर सहसा अवाढव्य, जड माणसं ठेवत. पेज उंचीला सहा फूट चार इंच होते, पण वजनाने त्या मानाने हलके. त्यांचं शस्त्र वेग होतं. चेंडू हलला की समोरचा सरळ उभा राहायच्या आत ते त्याच्या बगलेतून निघून गेलेले असत.

त्यांचं लहानपण कुठे गेलं?

ओहायो राज्यातल्या कँटन गावात. जन्म ७ ऑगस्ट १९४५. कँटन हे पोलाद कारखान्यांचं गाव आणि तिथल्या कृष्णवर्णीय पोरासमोर बहुतेक वेळा एकच वाट असे: शाळा संपली की कारखाना. पेज तेरा वर्षांचे असताना आई गेली. कारखान्यातलं तेच ते, धोक्याचं काम आपल्याला करायचं नाही, हे त्यांनी फार लवकर ठरवलं होतं, असं त्यांनी अनेकदा सांगितलं आहे.

वकिलीचं खूळ डोक्यात शिरलं ते पेरी मेसन या टीव्ही मालिकेतल्या वकिलामुळे. वकील भरपूर कमावतात आणि उरलेला वेळ गोल्फ खेळतात, अशी त्या वयातली त्यांची समजूत होती. पण त्याआधी, १९५४ मध्ये, म्हणजे ते नऊ वर्षांचेही झाले नव्हते तेव्हा, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या होत्या. कायद्याने माणसाचं आयुष्य बदलू शकतं, हे त्या मुलाला तिथे दिसलं. फुटबॉल या सगळ्यात कुठेच नव्हता. तो नंतर आला आणि मोठ्या भावाच्या मागोमाग आला.

कँटनमध्येच फुटबॉलचं ‘हॉल ऑफ फेम’ आहे ना?

हो, आणि इथे योगायोग असा की कथेत लिहिला असता तर संपादकाने काट मारली असती. श्रेष्ठ खेळाडूंच्या सन्मानाची ती वास्तू १९६३ मध्ये उघडली. त्याच वर्षी पेज शाळेतून बाहेर पडले आणि हात-खर्चासाठी ज्या बांधकामावर राबले, ते याच वास्तूचं. पंचवीस वर्षांनी, १९८८ मध्ये, त्याच इमारतीत त्यांचा अर्धपुतळा बसला.

मग व्यावसायिक फुटबॉलमध्ये कसे आले?

नोत्र दाम विद्यापीठातून. तिथला संघ १९६६ मध्ये राष्ट्रीय विजेता ठरला, पेज त्याचे आधारस्तंभ होते. पदवी राज्यशास्त्राची. एनएफएलचे संघ दरवर्षी पाळीपाळीने कॉलेजातले नवे खेळाडू निवडतात; १९६७ च्या निवडीत मिनेसोटा वायकिंग्जने त्यांना पहिल्याच फेरीत, एकूण पंधराव्या क्रमांकावर उचललं.

‘पर्पल पीपल ईटर्स’ काय भानगड आहे?

वायकिंग्जचा गणवेश जांभळा. त्यांच्या बचावाच्या पुढच्या रांगेतले चौघे कार्ल एलर, जिम मार्शल, गॅरी लार्सन आणि ॲलन पेज. समोरच्याला खाऊन टाकतात म्हणून एका गमतीच्या गाण्यावरून हे टोपणनाव पडलं. ‘क्वार्टरबॅकपाशी भेटू’ हे त्यांचं आपसातलं ब्रीद.

आकड्यांत सांगायचं तर १९६९, १९७० आणि १९७१ या तीन हंगामांत या संघाने प्रत्येकी चौदा सामन्यांत अनुक्रमे १३३, १४३ आणि १३९ गुण दिले. म्हणजे सामन्याला दहाच्या आसपास. या खेळात एका टचडाउनलाच, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेला की, सहा गुण मिळतात, हे लक्षात घेतलं तर समोरच्यांची काय गत होत असेल ते कळतं. त्यातून घरचे सामने ब्लूमिंग्टनच्या उघड्या मैदानावर, डिसेंबरच्या थंडीत. प्रशिक्षक बड ग्रँट यांनी मैदानाच्या कडेला शेगड्या ठेवायला बंदी केली होती. पाहुणा संघ शेगडीभोवती गोळा झालेला आणि हे गडी नुसते उभे.

(जिम मार्शल यांचं नाव निघालंच आहे तर: १९६४ मध्ये त्यांनी पडलेला चेंडू उचलला आणि जिवाच्या आकांताने ६६ यार्ड पळत गेले. चुकीच्या दिशेने. प्रतिस्पर्ध्यांना दोन गुण मिळाले. वायकिंग्ज तो सामना तरीही जिंकले, म्हणून आज हसता येतं.)

१९७१ च्या पुरस्काराचं एवढं कौतुक का?

कारण वर्षातला सर्वात मौल्यवान खेळाडू हा मान जातो तो गुण मिळवणाऱ्याला. क्वार्टरबॅकला, नाहीतर पळणाऱ्याला. गुण अडवणाऱ्याला कोण विचारतो? असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने १९७१ मध्ये तो पेज यांना दिला. बचावपटूला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्यानंतर तो आणखी एकाच बचावपटूच्या वाट्याला आला, १९८६ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलर यांच्या.

त्यांनी एकूण सॅक किती केले?

अधिकृत उत्तर शून्य. सॅकची अधिकृत नोंद एनएफएलने १९८२ पासून ठेवायला सुरुवात केली आणि पेज १९८१ ला निवृत्त झाले. जुन्या नोंदी चाळून नंतर केलेल्या मोजणीत हा आकडा १४८ च्या घरात जातो. मला मात्र दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो: पंधरा हंगामांत नियमित स्पर्धेचे २१८ सामने, आणि एकही चुकवला नाही.

सुपर बोल जिंकला का?

नाही. चार वेळा अंतिम सामन्यात, चारही वेळा हार: कॅन्सस सिटीकडून २३-७, मायामीकडून २४-७, पिट्सबर्गकडून १६-६, ओकलंडकडून ३२-१४. मिनेसोटात हा विषय जेवणाच्या टेबलावर काढू नये.

खेळाडूंच्या संपात त्यांचा काय संबंध होता?

ते खेळाडू संघटनेत वायकिंग्जचे प्रतिनिधी होते आणि संघटनेच्या कार्यकारिणीतही. त्या काळात एक नियम होता: करार संपून खेळाडू दुसऱ्या संघात गेला, तर नव्या संघाने जुन्या संघाला भरपाई द्यायची. दोन्ही संघांचं एकमत झालं नाही, तर ती किती आणि कशी हे लीगचे आयुक्त पीट रोझेल ठरवणार. भरपाईच्या रूपात आपला चांगला खेळाडू किंवा पुढची निवड हातची जाईल, या भीतीने कोणीच कुणाला घेईना. कागदावर खेळाडू मोकळा, प्रत्यक्षात वेठीला. १९७४ च्या उन्हाळ्यात खेळाडू संपावर गेले. घोषणा होती ‘स्वातंत्र्य नाही तर फुटबॉल नाही’. संप फसला, पण त्या नियमाविरुद्धचा खटला मिनियापोलिसच्याच केंद्रीय न्यायालयात चालला, खेळाडू जिंकले आणि १९७६ मध्ये अपिलातही तो निकाल टिकला.

पेज यांची ओळख यानंतर ‘फार प्रश्न विचारणारा’ अशी झाली. व्यवस्थापनाला ती फारशी आवडणारी नव्हती. खेळाडू म्हणजे मालमत्ता नव्हे, करार करणारा पक्ष आहे, ही भूमिका मैदानात रक्त सांडण्यापेक्षा महाग पडते.

खेळता खेळता वकिली कशी केली?

पहिला प्रयत्न फसला. खेळायला लागल्यावर लवकरच त्यांनी एका लॉ कॉलेजात नाव घातलं आणि थोड्याच आठवड्यांत सोडून दिलं. काही वर्षांनी पुन्हा हिय्या करून मिनेसोटा विद्यापीठात प्रवेश घेतला आणि १९७८ मध्ये पदवी मिळवली. ‘अभ्यासक्रम पूर्ण केला’ हे दोन शब्दांत लिहून होतं. प्रत्यक्षात रविवारी सामना, सोमवारी अंग ठणकत असताना करार-कायद्याचं पुस्तक आणि वर्गात आजूबाजूला पंचविशीतली मुलं. पुढे खेळणं चालू असतानाच, हंगाम नसेल तेव्हा, ते मिनियापोलिसमधल्या एका मोठ्या वकिली कार्यालयात काम करू लागले.

शिक्षणाचं महत्त्व त्यांना जाणवलं ते मात्र वर्गात नव्हे, संघाच्या बैठकीत. बचावाचे डाव लिहिलेली वही प्रशिक्षकाने खेळाडूंना मोठ्याने वाचायला लावली. कॉलेजातून शिकून आलेल्या त्यांच्या काही सहकाऱ्यांना ती धड वाचता येत नव्हती. शाळा, मग कॉलेज, सगळीकडे त्यांना पुढे ढकलत आणलेलं, कारण शनिवारी मैदानात त्यांची गरज होती. पेज हा प्रसंग पुन्हा पुन्हा सांगत आले आहेत.

वायकिंग्जने त्यांना काढलं हे खरं आहे?

खरं आहे. आणि किंमत शंभर डॉलर.

झालं असं. पत्नी डायान यांना सिगारेट सोडायची होती, म्हणून त्यांनी पळायला सुरुवात केली. सोबत म्हणून पेज पळू लागले. डायान यांची सिगारेट सुटली आणि पेज यांना पळण्याचं व्यसन लागलं. रोजच्या मैलामैलांनी वजन उतरत उतरत सव्वादोनशे पौंडांच्या आसपास आलं, म्हणजे शंभर किलोंच्या थोडं वर. डिफेन्सिव्ह टॅकलच्या मानाने ही काडीच. आता हा पूर्वीसारखा खेळू शकत नाही, असं ठरवून १९७८ च्या हंगामाच्या मधेच त्यांना मोकळं केलं गेलं. अशा मोकळ्या केलेल्या खेळाडूला दुसऱ्या संघाने उचलण्याचं शुल्क होतं शंभर डॉलर. ते शिकागो बेअर्सने भरलं. बेअर्सच्या बचावाची सूत्रं तेव्हा बडी रायन यांच्याकडे होती आणि ते आधी वायकिंग्जमध्ये याच रांगेचे प्रशिक्षक होते. माल काय आहे हे त्यांना ठाऊक होतं. पेज शिकागोत आणखी तीन-साडेतीन हंगाम खेळले आणि त्या जुन्या मोजणीप्रमाणे चाळीसेक सॅक करून गेले.

वजन हे निमित्त होतं की संघटनेचं काम आणि प्रश्न विचारण्याची खोड मुळाशी होती, यावर तिथले जुने चाहते आजही वाद घालतात. माझं मत विचाराल तर, शंभर डॉलरचा हिशेब निव्वळ किलोंत लागत नाही.

पळणं त्यांनी सोडलं नाही. १९७९ मध्ये मॅरेथॉन पूर्ण करणारे ते एनएफएलमधले पहिले खेळते खेळाडू ठरले. चाळिशी ओलांडल्यावर, १९८७ मध्ये, दुलुथला लेक सुपीरियरच्या काठाने शंभर किलोमीटरची शर्यतही पळून झाली.

न्यायमूर्ती निवडणुकीने कसे होतात? आपल्याकडे तर असं नसतं.

आपल्याला हे विचित्र वाटतं खरं. अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयांत नेमणूक होते, पण अनेक राज्यांत न्यायाधीश मतदानाने निवडले जातात. मिनेसोटात मुदत सहा वर्षांची आणि मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नाही. निदान घटनेत तरी असं आहे. प्रत्यक्षात काय घडत असे? निवृत्त होणारे न्यायमूर्ती मुदत संपायच्या थोडं आधी पायउतार होत. मग जागा ‘मधेच रिकामी’ झाली म्हणून गव्हर्नर आपल्या पसंतीचा माणूस नेमत आणि पुढच्या निवडणुकीत तो माणूस ‘विद्यमान न्यायमूर्ती’ या शिक्क्यानिशी उभा राहून आरामात निवडून येई. रिकाम्या जागेसाठी सरळ लढत असा प्रकार क्वचितच. बाहेरच्याला दार उघडंच नाही.

पेज १९८५ पासून राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयात होते. नोकरीविषयक कायदा हा त्यांचा भाग. १९९२ मध्ये एका न्यायमूर्तींची मुदत संपत होती आणि पेज यांनी उभं राहायचं ठरवलं. तेवढ्यात गव्हर्नर आर्नी कार्लसन यांनी कायद्यातल्या एका तरतुदीचा आधार घेऊन त्या न्यायमूर्तींची मुदतच वाढवून दिली. मुदत वाढली म्हणजे जागा रिकामी नाही, जागा नाही म्हणजे निवडणूक नाही, आणि उमेदवारी अर्ज भरायचा प्रश्नच मिटला.

पेज न्यायालयात गेले. आता गंमत बघा. दाद मागायची ती राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात, आणि वाद त्याच न्यायालयातल्या एका खुर्चीचा. तिथले न्यायमूर्ती बाजूला झाले, त्यांच्या जागी बदली न्यायाधीश बसले आणि त्यांनी निकाल दिला: घटनेने निवडणूक सांगितली आहे, ती झाली पाहिजे. निवडणूक झाली. पेज जिंकले. मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयातले ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन न्यायमूर्ती, आणि त्या राज्यात राज्यव्यापी निवडणूक जिंकणारेही पहिलेच.

लोकांनी फुटबॉलपटूला मत दिलं, कायदेपंडिताला नव्हे, अशी टीका तेव्हा झाली. अर्धी बरोबर आहे. नाव लोकांच्या ओठावर होतंच, त्याचा फायदा झालाच. पण नुसत्या नावावर १९९८, २००४ आणि २०१० अशी तीनदा फेरनिवड होत नाही. आणि अर्ज भरू देत नाहीत म्हटल्यावर ‘जाऊ दे’ म्हणून गप्प बसणारा माणूस त्या खुर्चीपर्यंत पोचलाही नसता.

न्यायमूर्ती म्हणून त्यांचं काम कसं होतं?

बो-टाय लावणारे, मोजकं बोलणारे, आणि बहुमताविरुद्ध एकट्याने मतभेद नोंदवायला न कचरणारे, अशी त्यांची ख्याती. समोरच्या वकिलांना ते खेळाडू म्हणून आठवत असतील, तरी न्यायालयात तो विषय निघालेला त्यांना रुचत नसे.

एक प्रसंग साऱ्या देशाच्या नजरेत आला. २००८ ची सिनेटची निवडणूक इतकी अटीतटीची झाली की फेरमोजणीनंतर प्रकरण न्यायालयात गेलं. सरन्यायाधीश एरिक मॅग्नुसन स्वतः मतमोजणी प्रमाणित करणाऱ्या मंडळावर बसलेले, म्हणून ते या प्रकरणातून बाजूला झाले. तीन न्यायाधीशांचं खंडपीठ निवडण्याची जबाबदारी पेज यांच्यावर आली. पुढे अपिलात, जून २००९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला आणि अल फ्रँकन ३१२ मतांनी सिनेटर झाले. सुमारे एकोणतीस लाख मतांतली ३१२.

ऑगस्ट २०१५ मध्ये सत्तर पूर्ण होताच ते निवृत्त झाले. तिथे ती वयोमर्यादा कायद्यानेच आहे.

त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे, ती काय?

‘पेज एज्युकेशन फाउंडेशन’, स्थापना १९८८, ॲलन आणि डायान दोघांची. मिनेसोटातल्या कृष्णवर्णीय व इतर वर्णाच्या विद्यार्थ्यांना कॉलेजसाठी पैसे मिळतात. पण अट आहे आणि खरी मेख त्या अटीत आहे: पैसे घेणाऱ्याने दरवर्षी ठरावीक तास लहान शाळकरी मुलांबरोबर घालवायचे, त्यांचा अभ्यास घ्यायचा. पाचवीतल्या पोराला साठीतल्या न्यायमूर्तीने ‘शिक, मोठा हो’ सांगून काय होणार? त्याच्याच गल्लीतला, त्याच्यासारखाच दिसणारा, थोड्याच वर्षांनी मोठा दादा किंवा ताई आठवड्याला समोर बसून गणित सोडवत असेल तर ते त्याला दिसतं. आपल्याकडे माधुकरी मागून आणि वार लावून शिकलेल्या पिढ्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

हॉल ऑफ फेमच्या भाषणात त्यांनी फुटबॉलबद्दल काहीच बोललं नाही म्हणतात?

जवळजवळ. १९८८ च्या त्या सोहळ्यात खेळाडूची ओळख करून द्यायला बहुतेक जण जुना प्रशिक्षक किंवा सहकारी आणतात. पेज यांनी आणलं विलारीन बीझली यांना. मिनियापोलिसच्या नॉर्थ हायस्कूलच्या मुख्याध्यापक. भाषण शिक्षणावर केलं. त्याच वर्षी माइक डिटका, जॅक हॅम आणि फ्रेड बिलेटनिकॉफ यांनाही तो मान मिळत होता, आणि गर्दी जमली होती ती फुटबॉल ऐकायला. वाचता न येणाऱ्या मुलांबद्दल त्यांना त्या दिवशी ऐकावं लागलं.

शाळेला त्यांचं नाव कसं मिळालं?

आधी ती ‘अलेक्झांडर रॅम्सी मिडल स्कूल’ होती. रॅम्सी हे मिनेसोटाचे सुरुवातीच्या काळातले गव्हर्नर. १८६२ मध्ये डकोटा या मूळनिवासी लोकांशी युद्ध चालू असताना, त्यांना एकतर नष्ट करा नाहीतर राज्याबाहेर हाकला, असं जाहीरपणे म्हणणारे हेच. विद्यार्थ्यांनी विषय लावून धरला आणि २०१७ मध्ये शाळेचं नाव बदललं. नाव बदलण्याच्या वादात सहसा मोठी माणसं भांडतात आणि मुलं बघत बसतात. इथे पाटी बदलायची मागणी मुलांची होती.

त्यांच्या घरातल्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं होतं, ते कशाचं?

ॲलन आणि डायान यांनी वर्षानुवर्षं गोळा केलेल्या वस्तूंचं: गुलामगिरीच्या आणि नंतरच्या वर्णभेदाच्या खुणा. ‘काळ्यांसाठी प्रतीक्षागृह’ अशा पाट्या त्यात आहेत आणि १८६५ मध्ये अब्राहम लिंकन यांच्या अंत्ययात्रेच्या वेळचा, ‘अंकल एब, आम्ही तुम्हाला विसरणार नाही’ असं लिहिलेला फलकही. २०१८ च्या सुरुवातीला सुपर बोल मिनियापोलिसमध्ये होता. गावभर फुटबॉलची जत्रा चालू असताना मध्यवर्ती ग्रंथालयात हे प्रदर्शन मांडलं होतं. वेळ साधणं म्हणतात ते हे.

त्याच वर्षी सप्टेंबरअखेरीस डायान कर्करोगाने गेल्या. दीड-दोन महिन्यांत, नोव्हेंबरमध्ये, पेज यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा नागरी सन्मान मिळाला. पंचेचाळीस वर्षांचा संसार. पळण्यापासून संग्रहापर्यंत अर्ध्याहून जास्त गोष्टींची सुरुवात डायान यांनी केलेली. त्यामुळे ‘ॲलन पेज यांचा वारसा’ असं लिहिताना माझा हात थोडा अडखळतो.

घटना बदलण्याची त्यांची मोहीम काय आहे?

२०२० च्या जानेवारीत पेज आणि मिनियापोलिसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष नील काश्कारी यांनी मिळून प्रस्ताव मांडला. काश्कारी मूळचे काश्मिरी आईवडिलांचे, जन्म ॲक्रनचा, म्हणजे कँटनच्या शेजारगावचा. मिनेसोटाच्या १८५७ च्या घटनेत राज्याने सर्वत्र ‘एकसारखी’ सार्वजनिक शाळाव्यवस्था उभारावी असं म्हटलं आहे. यांचं म्हणणं: व्यवस्था उभी राहिली, पण गोरी मुलं आणि इतर मुलं यांच्या शैक्षणिक यशातलं अंतर देशातल्या सर्वात मोठ्या अंतरांपैकी आहे. म्हणून त्या जुन्या कलमाऐवजी दर्जेदार शिक्षण हा मुलाचा मूलभूत हक्क असं लिहा, म्हणजे तो न मिळाल्यास दाद मागता येईल.

विरोधही झाला, आणि तो सगळा वाईट हेतूचा नाही. शिक्षक संघटनेला भीती वाटते की जुनी कलमं काढली तर सार्वजनिक शाळांचं संरक्षणच जाईल आणि पैसा खासगी शाळांकडे वळेल. ‘दर्जेदार’ म्हणजे काय हे न्यायालयाने ठरवायचं का, हाही प्रश्न आहेच.

मराठीत लिहिताना ‘पेज खेळायचा’ की ‘पेज खेळायचे’?

खेळाडूला आपण सर्रास एकेरीत घेतो, त्यात प्रेम असतं, न्यायमूर्तीला अहो-जाहो. मी आधी ठरवलं होतं की १९८१ पर्यंत एकेरी आणि पुढे आदरार्थी लिहावं. पण या माणसाने हेल्मेट आणि लॉ कॉलेजचं दप्तर एकाच वेळी वागवलं, तेव्हा रेघ कुठे मारायची? म्हणून सगळीकडे ‘खेळायचे’.

ती वाकडी करंगळी खरी आहे का?

अगदी खरी. खेळताना सांध्यातून निसटत निसटत त्यांची करंगळी अशी बसली की हात सरळ धरला तरी ती काटकोनात बाहेर. शाळांमध्ये गेले की मुलांचा पहिला प्रश्न न्यायालयाबद्दल नसतो, सुपर बोलबद्दलही नाही. करंगळी दाखवा, एवढंच. शेवटी त्यांनी आणि प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या त्यांच्या मुलीने, केमी यांनी, त्या करंगळीवरच मुलांसाठी पुस्तक लिहिलं.

मिनियापोलिसला आलो तर काय पाहता येईल?

मिनेसोटात आलेला प्रत्येक पाहुणा मॉल ऑफ अमेरिकेला नेला जातोच. तो मॉल उभा आहे तिथेच ते उघडं, शेगडी नसलेलं मैदान होतं. आत जमिनीत बसवलेली खूण आहे, पण ती बेसबॉलची. तिथे बेसबॉलचे सामनेही होत. फुटबॉलची थंडी तुम्हाला बाहेर गाडी लावून चालत येताना, जानेवारी असेल तर, आपोआप कळेल.

आणि ऑक्टोबरात, शहराच्या मॅरेथॉनच्या दिवशी आलात, तर सुरुवातीच्या मैलांत कान उघडे ठेवा. अनेक वर्षं तिथे रस्त्याच्या कडेला एक उंच गृहस्थ, बो-टाय नाही, झगा नाही, गळ्यात भलंमोठं पितळी सुझाफोन अडकवून पळणाऱ्यांसाठी वाजवत उभे राहत आले आहेत. वाजवण्याबद्दल कोणी फार चांगलं बोलत नाही.